एअरलॉक शांत झाले म्हणजे बिअर तयार झाली का?

पहिल्यांदा घरी बिअर करणाऱ्याची खरी परीक्षा उकळण्याच्या दिवशी होत नाही. त्या दिवशी हातांना सतत काम असते. माल्टचा, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या बार्लीचा, अर्क पाण्यात विरघळवायचा, कडवटपणा देणारी हॉप्स नावाची फुले वेळेवर टाकायची, तासभर उकळी सांभाळायची आणि मग ते सगळे लवकरात लवकर थंड करायचे. त्यानंतर ते गोड-कडवट पाणी, ज्याला वर्ट म्हणतात, आंबवण्याच्या भांड्यात जाते, त्यावर यीस्ट पडते, झाकण लागते, झाकणावर एअरलॉक नावाची झडप बसते आणि करण्यासारखे काहीच उरत नाही. इथून पुढचे दोन-तीन आठवडे सगळे काम यीस्टचे असते. माणसाने त्याला योग्य तापमान द्यायचे आणि बाजूला राहायचे. नवशिक्याचे जवळजवळ सगळे प्रश्न याच रिकाम्या वाटणाऱ्या काळात उगवतात. पहिली बॅच बिघडते तेव्हा बहुतेक वेळा दोष यीस्टचा नसतो. मधेच काळजीपोटी केलेला एखादा उपाय तिला नडलेला असतो. भांड्याच्या आत कोणत्या दिवशी काय चालले आहे हे कळले, तर आपण कशासाठी थांबलो आहोत हेही कळते आणि थांबणे सुसह्य होते. म्हणून तेच इथे क्रमाने सांगतो.

पहिली रात्र

यीस्ट टाकल्यावर बारा तास झाले तरी एकही बुडबुडा दिसत नाही, हा बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो. त्याचे उत्तर असे की, बारा ते चोवीस तासांची शांतता अगदी नेहमीची आहे आणि 72 तास उलटेपर्यंत बॅच हातची गेली असे मानण्याचे कारण नसते. कोरड्या यीस्टच्या पाकिटात अब्जावधी पेशी सुप्तावस्थेत असतात. पाण्यात पडल्यावर त्या आधी पाणी शोषतात, आपले आवरण पूर्ववत करतात, आणि समोर कोणत्या प्रकारची साखर आहे त्यानुसार ती पचवण्यासाठी लागणारी विकरे तयार करतात. पेशींची संख्या काही पटींनी वाढल्याशिवाय पुढचे काम नेटाने होत नाही, आणि ही वाढ बाहेरून दिसत नाही.

या पहिल्या काही तासांत यीस्टला ऑक्सिजन लागतो. त्याच्या मदतीने पेशी स्टेरॉल आणि असंतृप्त मेदाम्ले बनवतात. पेशीचे आवरण लवचीक आणि मजबूत राहते ते यांच्यामुळे. प्रत्येक विभाजनात हा साठा जुन्या आणि नव्या पेशीत वाटला जातो, त्यामुळे सुरुवातीला तो अपुरा असेल तर शेवटच्या पेशींच्या वाट्याला फारच थोडा येतो आणि मद्यार्क वाढू लागला की त्या हात टेकतात. म्हणूनच थंड झालेले वर्ट भांड्यात ओतताना ते उंचावरून फेसाळू द्यावे किंवा भांडे चांगले हलवावे असे सांगितले जाते. कोरडे यीस्ट तयार करतानाच त्यात हा साठा भरपूर राहील अशी काळजी घेतलेली असते, त्यामुळे ते वापरणाऱ्याने हवेची फार चिंता केली नाही तरी चालते. द्रवरूप यीस्टच्या बाबतीत मात्र हा भाग मनावर घ्यावा. एकदा किण्वन, म्हणजे आंबण्याची क्रिया, सुरू झाले की नियम नेमका उलटा होतो: त्यानंतर बिअरमध्ये मिसळलेली हवा तिचे नुकसानच करते, आणि काही आठवड्यांनी तिला ओल्या पुठ्ठ्यासारखी शिळकट चव येऊ लागते. चवीत काय कमी आहे हे पाहण्यासाठी वारंवार झाकण उघडून ढवळणे यासाठीच टाळायचे.

या शांत तासांत खरी काळजी घ्यायची ती स्वच्छतेची, आणि तीही आधीच घेतलेली असावी लागते. यीस्टने ताबा घेईपर्यंत ते गोड वर्ट कोणत्याही सूक्ष्मजीवाला खुले असते. उकळण्याआधीच्या भांड्यांची फार फिकीर नको, कारण उकळी सगळे मारून टाकते. पण उकळी थांबल्यानंतर वर्टला जे जे लागते, म्हणजे नळी, चमचा, झाकण, एअरलॉक, ते सगळे आधी घासून स्वच्छ आणि मग निर्जंतुक केलेले हवे. या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. चिकटलेल्या मळाखाली निर्जंतुक करणारे द्रावण पोचत नाही, म्हणून घासण्याला पर्याय नाही.

एअरलॉकला किती महत्त्व द्यावे

एअरलॉक ही साधी झडप आहे: आतला वायू पाण्यातून बाहेर जाऊ देते, बाहेरची हवा आत येऊ देत नाही. तिच्यातले बुडबुडे मोजून किण्वनाची गती ठरवावी अशी तिची रचनाच नाही. यीस्टने तयार केलेला पहिला कार्बन डायऑक्साइड बिअरमध्येच विरघळतो. 20 अंश सेल्सिअसला बिअर स्वतःच्या आकारमानापेक्षा थोडाच कमी एवढा वायू पोटात ठेवते. त्यानंतरही प्लास्टिकच्या बादलीचे झाकण कडेने किंचित सैल असेल तर वायू तिथूनच निसटतो आणि आत जोरात किण्वन चालू असताना एअरलॉक निश्चल दिसते. उलट, दोन आठवड्यांनी दुपारी खोली तापली की विरघळलेला वायू सुटतो, वरच्या मोकळ्या जागेतला वायू प्रसरण पावतो आणि एअरलॉक पुन्हा बोलू लागते, जरी किण्वन केव्हाच संपलेले असले तरी. बुडबुडे नाहीत म्हणून घाबरणे आणि बुडबुडे आहेत म्हणून निश्चिंत होणे, दोन्ही सारखेच निराधार आहे.

शंका असेल तर भांड्याच्या आत डोकावावे. भांडे पारदर्शक असेल तर पृष्ठभागावर पांढरट-तपकिरी फेसाचा जाड थर दिसतो, ज्याला जर्मन शब्दावरून क्रॉयझन म्हणतात. तो ओसरून गेला असेल तर भांड्याच्या आतल्या बाजूला त्याची तपकिरी, खरखरीत रेघ उरलेली असते. फेस किंवा त्याची रेघ दिसली म्हणजे किण्वन झाले किंवा चालू आहे, इतके निश्चित समजावे.

कधी कधी अडचण नेमकी उलटी येते आणि फेस एअरलॉकमधून बाहेर येऊ लागतो. अशा वेळी एअरलॉक काढून तिथे जाड नळी बसवावी आणि नळीचे दुसरे टोक निर्जंतुक पाण्याच्या भांड्यात बुडवून ठेवावे. घाण होते म्हणून वायूची वाट बंद करण्याचा विचार चुकूनही करू नये. हॉप्सच्या चोथ्याने एअरलॉक तुंबले तरी आतला दाब झाकण उडवू शकतो, आणि भांडे काचेचे असेल तर ते फुटण्याचा धोका असतो. 20 लिटर बिअरच्या किण्वनातून एकूण काही शे लिटर कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. तो हवेपेक्षा जड असल्यामुळे भांडे ठेवलेल्या लहान बंद खोलीत हवा खेळती हवी.

तापमानाचे पहिले तीन दिवस

घरगुती बिअरची चव सुधारण्यासाठी एकच गोष्ट निवडा असे कोणी म्हटले, तर मी महागडे साहित्य सोडून तापमान निवडीन. एल प्रकारच्या बिअरचे यीस्ट, म्हणजे सॅकरोमायसिस सेरेव्हिसी, साधारण 18 ते 22 अंशांत समाधानी असते. लागरचे यीस्ट, सॅकरोमायसिस पास्टोरिॲनस, 8 ते 13 अंशांच्या थंडीत काम करते. पहिल्या बॅचसाठी एल निवडणे शहाणपणाचे, कारण लागरला शीतकपाटासारखी सोय आणि दुप्पट-तिप्पट वेळ लागतो.

किण्वन स्वतः उष्णता निर्माण करते, ही गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. जोर ऐन भरात असताना भांड्याच्या आतले तापमान खोलीपेक्षा 3 ते 5 अंशांनी जास्त असू शकते. खोली 22 अंशांवर असली तर यीस्ट प्रत्यक्षात 26 अंशांवर काम करत असते. तापलेले यीस्ट काम भराभर संपवते, आणि नवशिक्याला ते शुभचिन्ह वाटते. पण त्या घाईत ते फ्यूजेल नावाचे जड मद्यार्क अधिक प्रमाणात तयार करते. ते घशाला जाळतात, द्रावकासारखा वास देतात आणि पुढे कितीही थांबले तरी फारसे कमी होत नाहीत. केळ्याचा किंवा इतर फळांचा तीव्र गंध देणारी एस्टर नावाची संयुगेही उष्णतेत वाढतात. काही शैलींत ती हवीच असतात, बाकीच्यांत खटकतात. चवीवर परिणाम करणारे हे बहुतेक पदार्थ पहिल्या दोन-तीन दिवसांत, पेशी वाढत असताना तयार होतात. म्हणून जी काही मेहनत घ्यायची ती याच दिवसांत घ्यावी: भांडे पाण्याच्या टबात ठेवणे, त्यात गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या आलटूनपालटून सोडणे, भांड्याला ओले फडके गुंडाळून त्यावर पंखा लावणे. वर्ट 20 अंशांच्या आसपास आल्यावरच यीस्ट टाकावे. 40 अंशांच्या पुढच्या वर्टमध्ये टाकलेले यीस्ट मरू शकते, आणि तसे झाले तर पहिल्या रात्रीची शांतता खरोखरच चिंतेची असते.

ज्यांना उष्ण हवेतच काम करावे लागते त्यांनी तापमानाशी झगडण्याऐवजी यीस्ट बदलून पाहावे. नॉर्वेतल्या शेतघरांत पिढ्यान्‌पिढ्या जपली गेलेली क्वाइक जातीची यीस्टे 30 अंशांच्या वरही स्वच्छ चव देतात.

उत्तर देणारे साधन: हायड्रोमीटर

किण्वन कुठवर आले, हा प्रश्न डोळ्यांना आणि कानांना विचारून भागत नाही. तो हायड्रोमीटरला विचारावा लागतो. साखर विरघळलेले पाणी साध्या पाण्यापेक्षा जड असते, त्यामुळे त्यात ही काचेची तरंगती नळी उंच राहते. साखर संपत जाते आणि पाण्याहून हलका मद्यार्क तयार होतो, तसतशी ती खाली बुडते. यीस्ट टाकण्याआधी घेतलेले माप म्हणजे आरंभीचे घनत्व. ते पहिल्याच दिवशी टिपून ठेवले नाही तर नंतर मिळवता येत नाही. समजा, साध्या पाण्याचे घनत्व 1.000 धरून, ते 1.050 आहे आणि शेवटी 1.012 आले. फरक 0.038 झाला, त्याला 131.25 ने गुणले की मद्यार्काचे प्रमाण सुमारे 5 टक्के निघते. 1.000 च्या वरच्या 50 अंकांपैकी (एक अंक म्हणजे 0.001) 38 अंक उतरले, म्हणजे यीस्टने 76 टक्के मजल मारली. अशी अपेक्षित टक्केवारी यीस्टच्या पाकिटावर किंवा त्याच्या माहितीपत्रकात दिलेली असते आणि आपले माप तिच्या आसपास आहे का, हे तपासता येते.

घनत्व 1.000 पर्यंत का उतरले नाही, असा प्रश्न यावर हमखास येतो. माल्टमधल्या सगळ्याच साखरा यीस्टला पचत नाहीत. ते आधी ग्लुकोज, मग माल्टोज, मग सवडीने माल्टोट्रायोज खाते; त्याहून लांब साखळीची डेक्स्ट्रिने तशीच राहतात, आणि बिअरला अंगची भरीवता मिळते ती बरीचशी त्यांच्यामुळे.

माप घेताना नमुन्यातला वायू थोडा हलवून घालवावा, कारण नळीला चिकटलेले बुडबुडे तिला वर उचलतात आणि माप खोटे जास्त दिसते. हायड्रोमीटर कोणत्या तापमानासाठी आखलेला आहे ते त्याच्यावरच लिहिलेले असते, बहुधा 20 किंवा 15.6 अंश; नमुना त्याच तापमानाला आणावा. मोजून झालेला नमुना भांड्यात परत ओतू नये, चाखावा. ती कोमट, वायू नसलेली, गढूळ बिअर चाखण्याची सवय लावून घेतली, तर पुढच्या बॅचमध्ये जिभेलाच अंदाज येऊ लागतो. काहीजण थेंबभर द्रवावर चालणारा रिफ्रॅक्टोमीटर वापरतात. तो आरंभीच्या मापासाठी उत्तम आहे, पण मद्यार्क तयार झाल्यावर त्याचे माप सुधारणा केल्याशिवाय चुकीचे ठरते.

माप रोज घेण्याची गरज नाही. प्रत्येक वेळी थोडी बिअर जाते आणि थोडी हवा आत येते. साध्या एलसाठी पहिले माप दहाव्या दिवसाच्या सुमारास घ्यावे आणि दुसरे त्यानंतर तीन दिवसांनी. दोन्ही मापे सारखी आली आणि ती अपेक्षित टप्प्यात असली, तरच किण्वन संपले असे म्हणावे.

दिसत नाही ते काम

आता मूळ प्रश्नाकडे येतो. चौथ्या-पाचव्या दिवशी फेस खाली बसतो, एअरलॉक थंडावते आणि बहुतेक साखर संपलेलीही असते. मग आणखी आठवडा-दीड आठवडा थांबायचे कशासाठी?

कारण यीस्टने घाईच्या दिवसांत जे अर्धवट टाकलेले असते, ते आता ते परत उचलते. वाढीच्या काळात पेशींमधून आल्फा-ॲसिटोलॅक्टेट नावाचा पदार्थ बाहेर झिरपतो. त्याला स्वतःची चव नसते, पण तो बिअरमध्ये आपोआप, सावकाश, डायॲसिटिलमध्ये बदलतो, आणि डायॲसिटिलला लोण्याचा ठसठशीत वास असतो. तो इतका तीव्र की दहा लाखांत एक भागाच्या दहाव्या हिश्शाएवढ्या प्रमाणातही अनेकांना जाणवतो. साखर संपत आली की यीस्ट हे डायॲसिटिल पुन्हा आत घेते आणि त्याचे जवळजवळ निर्गंध पदार्थांत रूपांतर करते. यात संथ पायरी यीस्टची नाही, पहिल्या आपोआप होणाऱ्या बदलाची आहे. ती माणसाला हुकूम देऊन लवकर करता येत नाही, फक्त थोड्या उबेने तिचा वेग वाढतो. किण्वन संपत आले असताना एलला 20-21 अंशांपर्यंत आणि लागरला दोन-तीन दिवस 18 अंशांच्या आसपास चढू द्यावे, ते याचसाठी. हिरव्या सफरचंदासारखा वास देणाऱ्या ॲसिटाल्डिहाइडची कथाही अशीच आहे: तो साखरेपासून मद्यार्काकडे जाणाऱ्या वाटेवरचा शेवटून दुसरा थांबा, आणि यीस्टला वेळ मिळाला तर तेही पुढे मार्गी लागते.

चौथ्या दिवशी बिअर यीस्टवरून काढून घेतली किंवा एकदम थंड केली, तर हे झाडलोटीचे काम करणारेच निघून जातात आणि चवहीन कच्चा पदार्थ बिअरमध्ये दडून राहतो. मग बाटली भरताना चव निर्दोष लागते आणि तीन आठवड्यांनी लोण्याचा वास येतो. करणाऱ्याला वाटते की बाटल्या खराब होत्या. हे आधीच तपासण्याची एक सोपी रीत आहे. थोडी बिअर झाकलेल्या पेल्यात घेऊन पेला 60-70 अंशांच्या पाण्यात अर्धा तास ठेवावा, मग थंड करून वास घ्यावा आणि शेजारी न तापवलेला नमुना ठेवून तुलना करावी. तापवलेल्या नमुन्यात लोणी जाणवले, तर आणखी काही दिवस थांबावे.

माणसाला हे अदृश्य काम करणारा कोण आहे, हे कळायलाच फार काळ लागला. बव्हेरियात 1516 साली निघालेल्या प्रसिद्ध नियमात बिअरसाठी बार्ली, हॉप्स आणि पाणी एवढेच घटक सांगितले होते. यीस्टचा त्यात उल्लेख नाही. 1857 पासून लुई पाश्चर यांनी किण्वन हे सजीवांचे काम असल्याचे प्रयोगांनी दाखवले, 1883 साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल ख्रिश्चन हॅन्सन यांनी एकाच पेशीपासून वाढवलेले शुद्ध यीस्ट बिअरसाठी वापरात आणले, आणि 1897 साली एडुआर्ड बुख्नर यांनी पेशी भरडून काढलेल्या रसानेही साखर आंबते हे सिद्ध केले. आज पाकिटातून मिळणाऱ्या एकजिनसी यीस्टच्या मुळाशी हॅन्सन यांची तीच पद्धत आहे, आणि त्यामुळेच पहिल्यांदा करणाऱ्यालाही बऱ्यापैकी खात्रीचा निकाल मिळू शकतो.

दुसऱ्या भांड्यात काढावी का, अडकली तर काय करावे

जुन्या सूचनांत एक आठवड्यानंतर बिअर दुसऱ्या भांड्यात काढायला सांगितलेले असते, कारण तळाच्या मेलेल्या यीस्टमुळे तिला मांसासारखी किंवा रबरासारखी चव येईल अशी भीती असते. मोठ्या कारखान्यातल्या उंच टाक्यांत तळाच्या यीस्टवर प्रचंड दाब आणि उष्णता असते, तिथे ही भीती खरी आहे. 20 लिटरच्या भांड्यात बिअर तीन-चार आठवडे त्या गाळावर राहिली तरी साधारणपणे काही बिघडत नाही; भांडे बदलताना मिसळणारी हवा त्याहून अधिक नुकसान करते. साध्या पहिल्या बॅचसाठी एकच भांडे पुरेसे आहे, या मताचा मी आहे.

घनत्व अपेक्षेच्या बरेच वर, समजा 1.022 वर, आठवडाभर थांबून राहिले तर किण्वन अडकले असे समजावे. आधी माप खरे आहे ना ते साध्या पाण्यात हायड्रोमीटर बुडवून तपासावे; योग्य तापमानाच्या पाण्यात तो 1.000 दाखवायला हवा. मग भांडे दोन-तीन अंशांनी उबदार जागी न्यावे आणि झाकण न उघडता हलकेच गोल फिरवून तळाचे यीस्ट वर उठवावे. रात्रीच्या थंडीने यीस्ट तळाशी बसलेले असेल तर बहुधा एवढ्याने काम होते. थांबलेल्या बिअरमध्ये कोरड्या यीस्टचे आणखी एक पाकीट टाकणे हा शेवटचा उपाय ठेवावा. मद्यार्क असलेल्या आणि साखर कमी उरलेल्या द्रवात नव्याने जागे होणाऱ्या पेशींचा निभाव लागणे कठीण असते.

बिघडली आहे का

पहिल्यांदा भांड्यात डोकावणाऱ्याला जवळजवळ सगळेच बिघडलेले दिसते. तपकिरी फेस, यीस्टचे तरंगणारे गोळे, हॉप्सचे हिरवट कण, तळाशी दोन बोटे जाडीचा गाळ, हे सगळे निरोगी किण्वनाचे चेहरे आहेत. सडक्या अंड्यासारखा वासही, विशेषतः लागर यीस्टच्या बाबतीत, पहिल्या काही दिवसांत येतो आणि बाहेर पडणाऱ्या वायूबरोबर निघून जातो. संशय घ्यावा तो पृष्ठभागावर ताणलेल्या सुरकुतलेल्या पांढऱ्या पापुद्र्याचा, व्हिनेगरसारख्या आंबट वासाचा, तारेसारख्या चिकट होणाऱ्या बिअरचा. लव असलेली रंगीत बुरशी दिसली तर बॅच टाकून द्यावी.

आरोग्याची भीती मात्र आवाक्यात ठेवावी. पूर्ण आंबलेल्या बिअरची आम्लता, मद्यार्क, हॉप्स आणि ऑक्सिजनचा अभाव यांमुळे माणसाला आजारी पाडणारे नेहमीचे जंतू तिच्यात वाढत नाहीत. मिथेनॉलचा प्रश्नही वारंवार विचारला जातो. माल्टपासून आंबवलेल्या साध्या बिअरमध्ये ते धोकादायक प्रमाणात तयार होत नाही. ते मुख्यतः फळांमधल्या पेक्टिनपासून येते आणि तेही थोडेच. बिअर ऊर्ध्वपातन करून तीव्र दारू काढणे ही वेगळी आणि आगीचा धोका असलेली गोष्ट आहे, आणि अनेक देशांत ती बेकायदा आहे. घरी बिअर करण्याविषयीचे नियमही देशोदेशी वेगळे असतात, ते सुरुवातीलाच पाहून घ्यावेत.

बाटल्या: जिथे घाई धोक्याची ठरते

आतापर्यंतच्या घाईचे मोल चवीने चुकवायचे होते. बाटलीत भरण्याची घाई अंगावर येऊ शकते. बाटलीतल्या बिअरला फसफस येण्यासाठी भरताना मोजून साखर घालतात; उरलेले यीस्ट ती खाते आणि वायू कोंडला जातो. लिटरला 6 ग्रॅम साखर हे सर्वसाधारण प्रमाण आहे, म्हणजे 20 लिटरला 120 ग्रॅम. आधीच विरघळलेला वायू धरून यातून बिअरच्या आकारमानाच्या सुमारे 2.4 पट कार्बन डायऑक्साइड होतो. आता समजा बिअर 1.012 वर संपायची होती, पण ती 1.018 वर असतानाच बुडबुडे थांबलेले पाहून कोणी भरली. घनत्वाचा प्रत्येक उरलेला अंक सुमारे अर्धे आकारमान वायू देतो, त्यामुळे सहा अंकांचे तीन आकारमान वाढतात आणि एकूण 5.4 होते. हा दाब शॅम्पेनच्या जाड बाटलीतल्या दाबाच्या जवळ जातो. साधी बिअरची बाटली त्यासाठी बनवलेली नसते. ती फुटते आणि काचेचे तुकडे वेगाने उडतात. दोन सारखी मापे आल्याशिवाय बाटली भरू नये, हा आग्रह यासाठी आहे. साखर अंदाजाने चमच्याने घालू नये, वजन करून घ्यावी, थोड्या पाण्यात उकळून सगळ्या बिअरमध्ये अलगद मिसळावी, म्हणजे एखाद्या बाटलीत ती जास्त जात नाही. बाटली जाड, न तडकलेली आणि शक्यतो तपकिरी काचेची असावी. पारदर्शक आणि हिरव्या काचेतून जाणारा प्रकाश हॉप्समधल्या कडू घटकांवर परिणाम करून बिअरला उग्र, नकोसा वास आणतो.

भरलेल्या बाटल्या 20 अंशांच्या आसपास, अंधारात, झाकणबंद खोक्यात दोन आठवडे ठेवाव्यात. एक बाटली प्लास्टिकची भरली तर तिला दाबून आतला वायू किती झाला ते कळते. एका आठवड्याने एखादी बाटली उघडून पाहण्यास हरकत नाही, पण ती मिळमिळीत लागली तर साखर कमी पडली असा निष्कर्ष काढून उरलेल्या बाटल्यांत आणखी साखर घालू नये. वायू तयार होऊन बिअरमध्ये मुरायला तेवढा काळ लागतोच. दोन आठवड्यांनंतर प्यायची बाटली एक-दोन दिवस शीतकपाटात उभी ठेवावी. थंडीत वायू बिअरमध्ये अधिक चांगला विरघळतो आणि तळाशी यीस्टचा पातळ थर घट्ट बसतो. मग एका दमात, बाटली सरळ न करता, सावकाश ओतावी आणि शेवटचा बोटभर भाग गाळासकट बाटलीतच राहू द्यावा. पहिल्या बॅचमधल्या तीन-चार बाटल्या तारीख लिहून महिना-दोन महिने बाजूला ठेवाव्यात, आणि उघडताना त्यांची चव त्या दहाव्या दिवशीच्या कोमट नमुन्याच्या टिपणाशी ताडून पाहावी.